उपाशीपोटी घेतलेलं रक्त

माझ्या थोरल्या भावाच्या रक्ताची काचेची नळी मी हातात धरून खिडकीच्या उजेडात पाहिली होती. हे आधी लिहून ठेवते. पुढे जे झालं त्याबद्दल मला जवळपास कुणीच बोललं नाही, म्हणून ते माझं मलाच लिहावं लागतंय.

आम्ही निपाणीचे. आप्पा, म्हणजे माझे वडील, तंबाखूच्या वखारीत कामाला होते. तंबाखू चाळायची, पोती भरायची, उचलायची. संध्याकाळी अंगणात त्यांनी डोक्यावर पाणी घेतलं की पायाशी पिवळं पाणी वाहायचं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांत, नाकाच्या बाजूला, पिवळट चपटे डाग होते. डाळीच्या सालीसारखे. लहानपणी मी एकदा ते नखानं काढायला गेले होते. "ऱ्हाऊ दे गं, वखारीची धूळ बसलीया ती," आप्पा म्हणाले होते. ते आम्हाला खरं वाटायचं. वखारीतल्या दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांपाशी तशी धूळ का बसत नाही, हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही.

आई विड्या वळायची. मी मॅट्रिकला असताना ती गेली. मग घरात आम्ही तिघं उरलो, आप्पा, अण्णा आणि मी. अण्णा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. हायस्कुलात गणित शिकवायचा.

वस्तीत धम्मदीक्षा घेणाऱ्या पहिल्या काही जणांत आप्पा होते. त्यांचा थोरला भाऊ दारूपायी पोट धरून लोळत मेला होता, आणि ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. दीक्षेनंतर त्यांनी घरोघरी जाऊन दारू सोडवली. विहार म्हणजे पत्र्याची एक खोली, पुढे थोडं अंगण. दर रविवारी सकाळी सगळे जमायचे. एकजण पुढे बसून पंचशीलाची एकेक ओळ म्हणायचा, बाकीचे मागून म्हणायचे. त्यात आप्पांनी आमच्या वस्तीपुरती एक रीत पाडली. आठवडाभरात ज्याच्या हातून जे शील मोडलं असेल, त्यानं त्या ओळीला हात जोडून गप्प बसायचं. म्हणायची नाही. कुणी कुणाला विचारायचं नाही, हसायचं नाही. पुढच्या रविवारी ती ओळ म्हणता येईल असं वागायचं, एवढंच.

विचारायचं नाही असं ठरलं तरी कान उघडेच असायचे. चौथं शील खोटं न बोलण्याचं. एका रविवारी एकजण त्या ओळीला गप्प राहिला, तर त्याची बायको सगळ्यांदेखत म्हणाली, "काय खोटं बोललासा ओ? मला तरी सांगा की आधी!" पाचवं शील नशा न करण्याचं. त्यावरून वखारीतला एक हमाल आप्पांना नेहमी छेडायचा, "आप्पा, तंबाखू बी नशाच न्हवं? मग समदी निपाणी गप्पच बसवा की!" आप्पा हसायचे, पण रीत ढिली करायचे नाहीत. त्या रीतीनं खरोखरच माणसं सुधारली. हेही लिहायला हवं, नाहीतर आप्पांवर अन्याय होईल.

पुढे बसून ओळी म्हणण्याचा मान अण्णाचा होता. त्याचे उच्चार स्वच्छ होते, आवाज खर्जातला. तो म्हणायला लागला की आप्पा डोळे मिटून घ्यायचे. आयुष्यभर पोती उचललेल्या माणसाचा मुलगा पुढे बसलाय, आणि वस्ती त्याच्यामागून म्हणतेय. त्यांना याहून जास्त काही नको होतं.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. एका सकाळी अण्णा पोट धरून खाली बसला, आणि त्याला उठताच येईना. त्याच्या आदल्या दिवशी शाळेच्या संमेलनाचं जेवण झालं होतं. तो जिलेबी आवडीनं खायचा. रात्रीपासून त्याच्या पोटात काही ठरत नव्हतं. गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि बेळगावला न्यायला सांगितलं. जीपमध्ये तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून होता. त्याच्या कोपरांवर मोहरीएवढ्या पिवळट पुटकुळ्या उठल्या होत्या. त्या त्याला अधूनमधून उठायच्याच. आई होती तेव्हा ती उष्णता म्हणून कडुनिंबाचा पाला वाटून लावायची.

बेळगावच्या दवाखान्यात रक्त घेतलं. थोड्या वेळानं रक्त तपासणारा माणूस नळी घेऊन वॉर्डातच आला. चिडलेला होता. "काहीही देऊ नका म्हटलं होतं ना? दूध पाजलंत काय याला?" त्यानं नळी माझ्या हातात दिली. मी ती खिडकीपाशी नेली. खाली लाल गाळ बसला होता आणि वर, जिथं पिवळसर पाणी दिसायला हवं असं तो म्हणत होता तिथं, पांढरं, दाट, ताकासारखं काहीतरी होतं.

"अण्णा, दूध प्यालतास व्हय?"

"न्हाय गं. पाण्याचा घोट बी न्हाय."

पण सकाळी वॉर्डात दुधाची किटली फिरली होती. शेजारच्या खाटेपाशी एक पेला पालथा घातलेला होता. मी त्या पेल्याकडे पाहिलं, आणि अण्णानं मला पाहताना पाहिलं.

पोटात काहीतरी फुटलं असेल असं समजून त्यांनी ऑपरेशन केलं. फुटलेलं काही नव्हतं. नंतर सर्जन बाहेर आले. जठराच्या मागची ग्रंथी सुजली आहे, म्हणाले. लिव्हर चांगलं मोठं झालंय आणि चरबीनं पिवळं पडलंय. मग त्यांनी आप्पांकडे पाहत अगदी सरळ विचारलं, "किती पितो हा? आणि किती वर्षं?"

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढली आणि दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.

सर्जन वाईट माणूस नव्हते. अशी पोटं त्यांनी पुष्कळ पाहिली असतील, आणि प्रत्येकामागे बाटली असेल. पण आमच्या घरात तो प्रश्न उत्तरासारखा आला.

अण्णा बसता झाल्यावर आप्पांनी त्याला विचारलं. मी तिथंच होते.

"खरं सांग. पितोस काय रं?"

"न्हाय आप्पा."

"डॉक्टरनं पोट उघडून बघितलंय."

"बघितलं असंल. खरं मी पीत न्हाय."

"मग लिव्हर पिवळं कशानं झालं?"

"ते मला ठावं न्हाय."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या भावाला माझ्याइतकं कुणी ओळखत नव्हतं. मी एवढंच म्हणायला हवं होतं की अण्णा खोटं बोलत नाही. पण माझ्या मनात तो पालथा पेला होता. दुधाबद्दल जो खोटं सांगतो, तो दारूबद्दलही सांगेल, असं मला वाटलं. मी खाली पाहिलं. आप्पांना तेवढं पुरलं.

वस्तीत ते कसं पोचलं माहीत नाही. दवाखान्यात भेटायला आलेल्या कुणीतरी ऐकलं असेल. कंग्राळीच्या एका घरात अण्णाचं लग्न जवळपास ठरलं होतं. मुलीच्या वडिलांनी निरोप पाठवला की यंदा जमणार नाही. पुढच्या वर्षी जमेल काय, हे विचारायला आमच्याकडून कुणी गेलं नाही.

अण्णा घरी आल्यावर पहिल्या रविवारी आप्पा त्याला म्हणाले, "पुढं बसू नगंस. मागं बस. पाचव्याला गप्प ऱ्हा. चार-सहा रविवार. मग मीच तुला पुढं बसवतो. मानसं इसरत्यात."

अण्णानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आप्पा, मी पाचव्याला गप्प बसलो तर ते खोटं हुईल. म्हंजे चौथं मोडंल. मग चौथ्याला बी गप्प बसू काय?"

"मास्तरकी नगं मला."

"मास्तरकी न्हाय. तुम्हीच शिकवलंसा."

त्या रविवारी तो विहारात गेला नाही. पुढेही नाही. वस्तीनं त्याचाही अर्थ लावला. त्यानंतर आप्पाच पुढे बसायला लागले. त्यांचा आवाज चिरका होता, आणि ओळ संपता संपता दम तुटायचा.

मला तोवर बेळगावात एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागली होती. टिळकवाडीत एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. अण्णानं बदली मागून घेतली, त्याला गुंजीची शाळा मिळाली. स्टेशनाजवळ एक खोली घेऊन तो राहायचा आणि शनिवारी गाडीनं माझ्याकडे यायचा. येताना स्टेशनाबाहेरून माझ्यासाठी खव्याचा गोड कुंदा आणायचा, आणि अर्धा स्वतः खायचा. आम्ही पुस्तकांबद्दल बोलायचो, शाळेबद्दल बोलायचो. निपाणीचा विषय निघाला की तो उठून चूळ भरायला जायचा. एकदाच म्हणाला, "तुला तरी पटलंय काय गं, मी पीत न्हाय ते?" मी म्हटलं, "ते झालं आता, अण्णा." म्हणजे नाही पटलं. त्याला कळलं. त्यानं ताट उचललं आणि मोरीत नेऊन ठेवलं.

चार वर्षांनी गुंजीत तसंच पोट उठलं. शाळेतल्या लोकांनी त्याला दुपारच्या गाडीत घातलं. बेळगावच्या फलाटावर मी पोचले तेव्हा तो बाकावर होता, आणि डोळे माझ्याकडे नव्हते. दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यातच वारला. तेव्हा छत्तिसावं चालू होतं.

त्यानंतर मी त्याची गुंजीची खोली आवरायला गेले. सगळं आवरून झाल्यावर मी तिथल्या बाटल्या एकेक करून उघडल्या आणि वास घेतला. रॉकेलची बाटली. खोबरेल तेलाची. खोकल्याच्या औषधाची रिकामी. कपाटामागं हात घालून पाहिलं. छपराच्या आढ्यावर पाहिलं. काही नव्हतं. आणि मी मनात म्हटलं, किती जपून पीत होता. असं म्हणणारी मीच होते.

तिथून तीन वर्षं गेली. एके दिवशी आंघोळ करताना माझ्या कोपराला खरखरीत लागलं. उजेडात येऊन पाहिलं तर मोहरीएवढ्या पिवळट पुटकुळ्या. मी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी भिंग लावून पाहिलं, मलम काही दिलं नाही. दुसऱ्या एका डॉक्टरबाईंकडे पाठवलं. त्या नुकत्याच परदेशातून शिकून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "उद्या काही न खाता-पिता या. रक्त घेऊ."

मी रात्री आठला अर्धी भाकरी खाल्ली होती. सकाळी पाणीही घेतलं नाही. रक्त घेतलं, आणि मी बाकावर बसून राहिले. तासाभरानं आतून मुलगी आली.

"मॅडम, चहा घेतला होता का? दूध वगैरे?"

"नाही. पाण्याचा घोटसुद्धा नाही," मी म्हटलं, आणि ते वाक्य कुणाचं होतं ते मला ऐकू आलं. मी म्हटलं, "नळी दाखवा."

तीच. खाली लाल, वर ताक.

डॉक्टरबाईंनी मला बसवून घेतलं. मी विचारत गेले तशा सांगत गेल्या. लिव्हर स्वतः चरबी तयार करतं आणि रक्तात सोडतं. जेवलेल्या अन्नातलीही रक्तात येते. ती रक्तातून उचलून नेणारी व्यवस्था शरीरात असते. काही घराण्यांत ती जन्मापासून ढिली असते, काहींत लिव्हरच गरजेपेक्षा जास्त सोडतं, काहींत दोन्ही. मग रक्त असं पांढरं होतं. फार झालं तर जठरामागची ग्रंथी सुजते. माणूस जाऊसुद्धा शकतो.

"आणि लिव्हर? ते पिवळं पडतं?"

"पडतं ना. चरबी तिथंही साठते. सगळ्यांच्यात नाही. एकाच घरात एकाचं रक्त बिघडतं, एकाचं लिव्हर, एकाचं दोन्ही. असं का, ते अजून पुरतं कळलेलं नाही."

"दारू न पिता?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "दारूचं कोण म्हणालं?"

मी सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सगळं सांगितलं, पेल्यासकट. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "वडील आहेत? त्यांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांत पिवळे डाग आहेत का?"

मी हो म्हणून मान हलवली.

"वय?"

"सत्तरीला आलेत. ठणठणीत आहेत."

"काम काय करायचे?"

"पोती उचलायचे."

"आणि तुमचे भाऊ खुर्चीवर बसायचे, तुम्हीही बसता. भात, साखर, गोड चहा. तेच बीज त्यांच्या अंगात दबून राहिलं, तुमच्या दोघांत वर आलं. असं असू शकतं." त्यांनी साखर, तूप, तळलेलं बंद करायला सांगितलं, रोज चालायला सांगितलं. मी ते लिहून घेतलं. माझ्या जिवाची भीती मला वाटली, पण नंतर, घरी गेल्यावर.

मी ती नळी मागून घेतली. त्या मुलीला विचित्र वाटलं असेल, पण डॉक्टरबाई द्या म्हणाल्या.

दोन दिवस नळी माझ्या टेबलावर होती. आप्पांना सांगायचं तर दोन गोष्टी एकदम सांगाव्या लागणार होत्या. तुमचा मुलगा खरं बोलत होता, ही एक. आणि जे त्याला झालं ते बहुतेक तुमच्याकडून आलं, ही दुसरी. पहिली सांगून दुसरी झाकता येईल का, याचा मी खूप विचार केला. आप्पांनी मला फक्त पहिली विचारली असती तर जमलं असतं. पण ते वखारीत माल पारखलेले होते, झाकलेलं त्यांना कळायचं.

शनिवारी बसनं निपाणीला गेले. आप्पा अंगणात बसले होते. मी रुमालातून नळी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली.

"कुणाचं रगत?"

"माझं."

"दूध प्यालतीस?"

"न्हाय आप्पा."

मी डॉक्टरबाईंनी सांगितलं ते सगळं सांगितलं. त्यांनी मधे अडवलं नाही. शेवटी म्हणाले, "त्याचं बी असंच व्हतं?"

"असंच. मी बघितलतं. तवा कळलं न्हाय."

त्यांचा हात वर गेला आणि डोळ्याच्या कोपऱ्यातल्या त्या डागावर थांबला. मी काही सांगितलं नव्हतं. "म्हंजे ही धूळ न्हवं."

"आईकडनं बी आलं असंल, आप्पा. नक्की सांगता येत न्हाय."

"तिच्या अंगावर कायबी नव्हतं. मी बघितलंय तिला." त्यांनी विचारलं, "मग माझ्या थोरल्या भावाचं?"

"ते पीत होते, आप्पा."

"पीत व्हता. खरं, त्याच्यासंगट पिणारी धा जणं म्हातारी हून मेली."

थोरल्या काकांना दारूनं मारलं की याच आजारानं, ते मला आजही ठाऊक नाही.

मी म्हटलं, "उद्या विहारात सांगा. सगळ्यांसमोर. अण्णासाठी."

"काय सांगू? रगत दावू?"

"पीत न्हवता एवढंच सांगा."

"बघू," ते म्हणाले. नळी त्यांनी माझ्या हातात परत दिली नाही. आईच्या फोटोशेजारच्या कोनाड्यात उभी करून ठेवली.

रविवारी विहार भरला. आप्पा पुढे बसले. मी बायकांत मागे. पहिली ओळ त्यांनी म्हटली, आम्ही म्हटली. दुसरी. तिसरी. मग ते थांबले. आधी वाटलं, दम घेतायत. पुढे बसणाराच गप्प राहिला तर मागच्यांना म्हणायला काही उरत नाही. सगळी खोली हात जोडून थांबली. मागून कुणीतरी हळूच चौथी ओळ सुचवली. आप्पांनी मान हलवली. ओळ विसरले म्हणून नव्हे, असं ते मानेनं सांगत होते. खूप वेळ गेला. पत्र्यावर कावळ्याची नखं वाजत होती. मग त्यांनी पाचवी ओळ घेतली. चिरक्या आवाजात, पण शेवटपर्यंत दम न तोडता. लोकांनी मागून म्हटली. चौथ्याला मीही गप्पच होते, पण तेव्हा सगळेच गप्प होते, त्यामुळे ते कुणाला दिसलं नाही.

त्यांनी तोंडानं काही सांगितलं नाही. वंदना संपल्यावर चप्पल घालून सरळ घरी निघून गेले. त्यांना त्याहून जास्त जमलं नसतं, हे मला माहीत आहे. पण मला ते पुरेसं वाटलं नाही, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

अंगणात शेजारच्या मावशी माझ्याजवळ आल्या. आईबरोबर विड्या वळायच्या त्या. रीतीप्रमाणे विचारायचं नसतं. पण त्यांनी विचारलं.

"आप्पाला दम लागला व्हय गं? का खरंच गप्प बसला?"

मी इतक्या लोकांत कधी मोठ्यानं बोललेली नव्हते.

"गप्प बसले," मी म्हटलं. "अण्णाबद्दल आम्ही खोटं बोललो. त्यो पीत न्हवता. कधीच न्हाय. आजार घराण्यातला हाय. मला बी हाय."

मावशी माझ्याकडे पाहत राहिल्या.

"म्हंजे पोरगं खरं सांगत हुतं?"

"व्हय."

"आत्ता सांगतीस व्हय गं?"

त्या वळल्या आणि पायरीवर चप्पल शोधणाऱ्या एका बाईच्या दंडाला हात लावला. ती बाई ऐकत उभी राहिली. मग तिनं तिच्या सुनेकडे पाहिलं. मी तिथंच उभी होते. ते बोलणं एकीकडून दुसरीकडे जाताना मला दिसत होतं. अण्णा पितो, हे पहिलं बोलणं गेलं होतं तेव्हा ते इतकं हळू गेलं नव्हतं.